सहा महिने थांबा

ग्रँट रोड स्टेशनातून पूर्वेला उतरून थोडं चाललं की लॅमिंग्टन रोड लागतो. पाटीवर त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं आहे, पण कॉम्प्युटर घ्यायला निघालेला माणूस ‘भडकमकर मार्गाला जाऊन येतो’ असं म्हणत नाही. अरुंद जिने, पोटमाळे, रस्त्यावरचे काउंटर. सगळीकडे मदरबोर्ड, रॅम, केबली आणि रंगीत दिव्यांच्या कॅबिनेटांची चळत.

नव्वदच्या दशकात आणि पुढेही बरीच वर्षं इथला एक संवाद ठरलेला होता. कॉलेजात गेलेल्या मुलाला घेऊन आलेले वडील विचारायचे, ‘आत्ता घेऊ, की थांबू?’ आणि गिऱ्हाईक हातचं जाईल हे ठाऊक असूनही खरं बोलणारा दुकानदार सांगायचा, ‘घाई नसेल तर सहा महिने थांबा. याच पैशांत याच्यापेक्षा भारी येईल.’ सोनार असं सांगत नाही. साडीवाला तर नाहीच नाही. एकूण बाजारपेठेत हा एकच माल असा, की जो विकणाराच शिळा होणार म्हणून बजावत होता.

आता तो सल्ला ऐकू येत नाही. पाच-सहा वर्षांचा जुना कॉम्प्युटर कोणी दुरुस्तीला आणला, तर ‘यात एसएसडी घाला, अजून चार वर्षं चालेल’ असं सांगून त्याला परत पाठवलं जातं. २०२५ संपताना तर मेमरीच्या किमती उतरायच्या सोडून चढू लागल्या आणि थांबणाऱ्यालाच फटका बसला. याच काळात जगातले चिप बनवणारे मात्र छातीठोकपणे सांगत होते, की वेग कमी झालेला नाही, यंत्रं येताहेत, पुढच्या पिढ्यांच्या तारखा ठरल्या आहेत. दुकानदार खोटं बोलत नाही आणि कारखानदारही नाही. ‘वेग’ हा शब्दच मधल्या मधे बदलला आहे.

संपादकांनी मागितलेला लेख

या वेगाची जन्मकथा एका विशेषांकात आहे. १९६५ साली ‘इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकन मासिकाला पस्तीस वर्षं पूर्ण होत होती. पुढच्या दहा वर्षांत अर्धवाहकांचं काय होईल यावर लिहा, अशी मागणी संपादकांनी फेअरचाइल्ड कंपनीचे संशोधनप्रमुख गॉर्डन मूर यांच्याकडे केली. दिवाळी अंकाच्या लेखकाला आषाढात फोन येतो, तसंच ते. मूर यांनी कागदावर चार-पाच ठिपके मांडले, त्यांतून रेघ ओढली आणि लिहिलं, की एका चिपवरच्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होते आहे. १९७५ पर्यंत ती ६५,००० वर जाईल. लेख १९ एप्रिल १९६५ च्या अंकात आला. सोबत एक व्यंगचित्र होतं: दुकानातल्या काउंटरवर सौंदर्यप्रसाधनांच्या शेजारी घरगुती कॉम्प्युटर विकायला ठेवलेत आणि समोर गिऱ्हाइकांची गर्दी. लॅमिंग्टन रोड त्या चित्रकाराला आधीच दिसला होता म्हणायचा.

मूर यांचा मुद्दा मुळात पैशांचा होता. एका तुकड्यावर जितके घटक जास्त, तितका एकेक घटक स्वस्त, हे त्यांना सांगायचं होतं. १९७५ मध्ये त्यांनीच हिशेब सुधारला आणि दुप्पट व्हायला दोन वर्षं दिली. लोकांनी त्याला ‘मूरचा नियम’ म्हटलं, आणि तिथेच घोळ झाला. हा न्यूटनच्या नियमासारखा नियम नव्हता; सार्वजनिक गणपतीच्या वर्गणीसारखा ठराव होता. अमुक तारखेला मूर्ती येणार म्हटल्यावर मांडववाला, दिवेवाला, ढोलपथक आपापली तयारी त्या तारखेला जुळवतात. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या उद्योगाने आणि पुढे जगभरच्या कंपन्यांनी मिळून पंधरा-पंधरा वर्षांचे आराखडे छापले. भिंगवाल्याला कळायचं आपण कधी काय द्यायचं, रसायनवाल्याला कळायचं, यंत्रवाल्याला कळायचं. भाकीत खरं ठरलं, कारण ते खरं ठरवण्यासाठी सगळ्यांनी पैसे घातले.

मूर यांनी १९६८ मध्ये रॉबर्ट नॉइस यांच्यासोबत इंटेल काढली. तिचा १९७१ चा ४००४ हा प्रोसेसर २,३०० ट्रान्झिस्टरचा होता. १९९३ मध्ये ‘पेंटियम’ आला, ज्याच्या चमूचे प्रमुख विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा. २०२० च्या ॲपल एम-१ वर १,६०० कोटी ट्रान्झिस्टर होते. आकडे अजून वाढताहेत. पण आकडे वाढले म्हणून कॉम्प्युटर तितकाच चपळ होतो, हे समीकरण कधीच मोडलं आहे.

तापलेला तवा

ते मोडलं २००४ च्या सुमाराला. आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये दाखवलं होतं, की ट्रान्झिस्टर लहान करताना त्याचा व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवता येतो. म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसवले, ते जास्त वेगाने पळवले, तरी तेवढ्या जागेतली उष्णता वाढत नाही. तीस वर्षं उद्योगाने या सवलतीवर मजा केली. मग ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले, की बंद असतानाही त्यांतून वीज झिरपू लागली. व्होल्टेज आणखी उतरवता येईना आणि चिप तव्यासारखी तापू लागली. ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ इंटेलने २००४ मध्ये जाहीरपणे रद्द केला, मालिका ३.८ वर थांबली. आज बाजारातले सर्वांत वेगवान घरगुती प्रोसेसर ६ गिगाहर्ट्झच्या आसपास आहेत. वीस वर्षांत दुपटीलाही पोचले नाहीत.

वेग वाढेना म्हणून कोअर वाढवले: एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे सोळा. पण एका आचाऱ्याचा भात वीस मिनिटांत शिजत असेल, तर चार आचारी आणल्याने तो पाच मिनिटांत शिजत नाही. चार पातेली भात एकदम होतो, इतकंच. घरच्या वापरात चार पातेली भात लागतो कुणाला?

याच दरम्यान ‘नॅनोमीटर’ हा शब्दही मोजमापातून निघून पाटीवर गेला. एके काळी ३५० नॅनोमीटर म्हणजे चिपवरची एक खरी लांबी असे. आजच्या ‘३ नॅनोमीटर’ चिपमध्ये काहीही ३ नॅनोमीटर रुंदीचं नाही. ट्रान्झिस्टर चालू-बंद करणाऱ्या शेजारच्या दोन गेटांमधलं अंतर ४५ नॅनोमीटरच्या आसपास असतं. नाव म्हणजे ‘पुढची पिढी’ एवढाच अर्थ. इंटेलने २०२१ च्या जुलैमध्ये आपल्या सुधारित १० नॅनोमीटर तंत्राचं नाव ‘इंटेल ७’ ठेवलं. तीनमजली इमारतीच्या पाटीवर ‘टॉवर’ लिहितात, त्यातलाच प्रकार, पण शेजारच्या सगळ्या इमारतींनी आधीच टॉवर लिहिलेलं असताना एकट्याने चाळ म्हणवून घेण्यात काय शहाणपण?

कल्हईवाल्याचं कथील

आता यंत्राकडे. चिप बनवणं म्हणजे उजेडाने रांगोळीचा छापा मारणं. गुळगुळीत सिलिकॉनच्या चकतीवर, म्हणजे वेफरवर, प्रकाशाला संवेदनशील रसायन पसरायचं, नक्षीवरून गेलेला उजेड त्यावर पाडायचा, जिथे उजेड पडला तिथलं रसायन धुवायचं आणि उघडा भाग कोरायचा. मग पुढचा थर. असे कित्येक थर, एकमेकांवर काही नॅनोमीटरच्या अचूकतेने.

अडचण उजेडाच्या जाडीची. अनेक वर्षं या कामाला १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश वापरात होता. जाड बोटांनी बारीक रेघ काढायची, तर एकच रेघ चार वेळा थोडी थोडी सरकवून काढावी लागते. इंटेलने १० नॅनोमीटरसाठी तसंच केलं, आणि २०१६ च्या आसपास यायचं तंत्र मोठ्या उत्पादनात आलं २०१९ मध्ये. वेळापत्रक सर्वांत काटेकोर पाळणाऱ्याचंच वेळापत्रक कोलमडलं.

बारीक बोट म्हणजे १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश, उद्योगात ज्याला ‘ईयूव्ही’ म्हणतात. पृथ्वीवर हा प्रकाश आयता मिळत नाही. हवा त्याला गिळते, काच गिळते. म्हणून भिंगांऐवजी आरसे, आणि सगळं काम निर्वात पोकळीत. प्रकाश निर्माण करण्याची रीत तर आणखीच अचाट. कल्हईवाला ज्या कथलाने पितळी पातेली उजळायचा, तेच कथील वितळवून त्याचे केसाहून बारीक थेंब निर्वात पोकळीत सोडतात, सेकंदाला ५०,०००. प्रत्येक थेंबावर लेझरचे दोन तडाखे. पहिल्याने थेंब धिरड्यासारखा पसरतो, दुसऱ्याने त्याची वाफ होते आणि सुमारे सव्वादोन लाख अंश सेल्सियसला पोचलेल्या त्या वायूतून हवा तो प्रकाश निघतो. एक थेंब चुकला तर काय, या शंकेला जागा नाही, चुकायचं नाही.

हा प्रकाश जर्मनीच्या झाइस कंपनीने घडवलेल्या आरशांवरून उड्या मारत वेफरवर येतो. आरसा जर्मनी देशाएवढा मोठा कल्पिला, तर त्यावरचा सर्वांत मोठा उंचवटा मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान असेल, असं झाइस सांगते. तरी प्रत्येक आरसा तीसेक टक्के प्रकाश खातो. दहा-अकरा आरशांनंतर मूळ उजेडातला दोनेक टक्के हाती लागतो.

असं यंत्र जगात एकच कंपनी बनवते: नेदरलँड्समधल्या वेल्डहोवेन गावची एएसएमएल. १९८४ मध्ये फिलिप्सच्या आवारातल्या गळक्या शेडमध्ये तिची सुरुवात झाली. ईयूव्हीचं संशोधनही ऐंशीच्या दशकातलंच, जपानी आणि अमेरिकी प्रयोगशाळांमधलं. प्रत्यक्ष उत्पादनात ते आलं २०१८-१९ मध्ये. तीसहून अधिक वर्षं! मधल्या काळात तारीख इतक्या वेळा पुढे गेली, की तो उद्योगातला विनोदच झाला होता. २०१२ मध्ये शेवटी गिऱ्हाइकांनीच हात सैल केला. इंटेलने एएसएमएलचे १५ टक्के, तैवानच्या टीएसएमसीने ५ आणि सॅमसंगने ३ टक्के समभाग घेतले, वर संशोधनाला पैसे दिले. वर्गणी म्हणतात ती हीच.

पुढचं यंत्र, ज्याच्या आरशांची प्रकाश गोळा करायची ताकद (न्यूमरिकल ॲपर्चर) ०.३३ वरून ०.५५ वर गेली आहे, दीडशे टनांच्या घरात वजनाचं आहे. त्याची किंमत सुमारे ३५ कोटी युरो, म्हणजे साडेतीन हजार कोटी रुपये. पहिलं यंत्र इंटेलने घेतलं; २०२३ च्या डिसेंबरपासून ते अडीचशेहून जास्त खोक्यांतून अमेरिकेतल्या ऑरेगनला पोचलं आणि जोडायला काही महिने लागले. टीएसएमसीने मात्र २०२८ पर्यंतच्या पिढीसाठी ते लागणार नाही असं सांगून टाकलं. जमत नाही म्हणून नव्हे. परवडत नाही म्हणून. मूर यांचा मुद्दा पैशांचा होता, हे इथे पुन्हा आठवतं.

छतावरून जाणारे डबे

टीएसएमसीचे मोठे कारखाने तैवानच्या सिंचू, ताइचुंग, ताइनान आणि काओशुंग भागांत आहेत. अशा फॅबमध्ये माणसं कमी आणि छत व्यस्त. पंचवीस वेफर बसलेले बंद डबे छताखालच्या रुळांवरून एका यंत्राकडून दुसऱ्याकडे धावत असतात. कुठला डबा कुठे उतरायचा हे संगणक ठरवतो. लिथोग्राफीच्या, म्हणजे उजेडाने नक्षी छापण्याच्या, दालनात दिवे पिवळे, कारण निळ्या उजेडाने रसायन बिघडतं. जेवणाच्या ताटाएवढा, ३०० मिलिमीटर व्यासाचा वेफर हजाराहून अधिक पायऱ्या पार करून बाहेर पडायला तीन महिने किंवा जास्त लागतात. या तीन महिन्यांना तोडगा नाही. आज एखाद्या पायरीत बदल केला, तर तो जमला का हे कळायला ऋतू बदलावा लागतो. वेगाची गोष्ट करताना हे कोणी सांगत नाही.

आणि पाणी. धुणं सतत चालू, आणि साधं पाणी चालत नाही, अतिशुद्ध लागतं. २०२० मध्ये तैवानच्या भूमीवर एकही टायफून आलं नाही आणि २०२१ मध्ये छप्पन वर्षांतला सर्वांत वाईट दुष्काळ पडला. दिवसाला दीड लाख टनांवर पाणी लागणाऱ्या टीएसएमसीने टँकर लावले. सरकारने हजारो हेक्टर भातशेतीचं सिंचन बंद केलं आणि शेतकऱ्यांना भरपाई दिली. पाणी शेताला की कारखान्याला, हा वाद तिथेही झाला.

भूकंपाचं तर विचारूच नका. ३ एप्रिल २०२४ ला सकाळी आठच्या सुमाराला बेट हादरलं. पंचवीस वर्षांतला सर्वांत मोठा धक्का. कामगारांना बाहेर काढलं गेलं. दहा तासांत सत्तर टक्क्यांहून अधिक यंत्रणा पुन्हा चालू झाली होती. हे कसब कागदावर लिहून विकता येत नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोनात टीएसएमसीने पहिला फॅब बांधायला घेतला, तेव्हा तो २०२४ मध्ये सुरू व्हायचा होता. पुरेसे कुशल कामगार मिळेनात म्हणून कंपनीने जुलै २०२३ मध्ये तारीख २०२५ वर ढकलली आणि तैवानहून माणसं पाठवली. पैसा होता, यंत्रं होती, हात नव्हते.

वर्गणीदार किती उरले?

मॉरिस चँग यांनी १९८७ मध्ये टीएसएमसी काढली, ती ‘दुसऱ्याच्या चिपा बनवून देणारा’ कारखाना म्हणून. तेव्हा ही कल्पना हास्यास्पद वाटली होती. पण स्वतःचा कारखाना नसलेल्या चिप कंपन्यांची पिढी उगवत होतीच. तिच्यातल्या सुरुवातीच्या कंपन्यांपैकी एक, सिरस लॉजिक, उभी केली ती जमशेदपूरला जन्मलेल्या सुहास पाटील यांनी. या व्यवस्थेमुळे आराखडा काढणारे वाढले आणि कारखाने मात्र आटत गेले.

सहस्रक पालटताना सर्वांत पुढच्या पिढीची चिप बनवणाऱ्या कंपन्या वीसेक होत्या. आज टीएसएमसी, सॅमसंग आणि इंटेल, एवढेच. ग्लोबल फाउंड्रीजने ऑगस्ट २०१८ मध्ये ७ नॅनोमीटरचं काम थांबवलं आणि मागच्या पिढ्यांवर धंदा करायचं ठरवलं. कारखान्याचा खर्चच तसा आहे: ॲरिझोनाची घोषणा २०२० मध्ये एका फॅबसाठी १२ अब्ज डॉलरची होती, मार्च २०२५ पर्यंत ती सहा फॅब आणि इतर सोयींसह १६५ अब्जांवर गेली. चीनच्या एसएमआयसीने ईयूव्ही यंत्र न मिळताही ७ नॅनोमीटर गाठलं आणि २०२३ मध्ये ती चिप हुआवेच्या फोनमध्ये सापडली. जाड बोटांनी, रेघ पुन्हा पुन्हा सरकवून. जमतं, महाग पडतं.

आणखी एक बारकं पण महत्त्वाचं. चिपचा मोठा भाग मेमरीच्या पेशींनी व्यापलेला असतो. टीएसएमसीच्या ३ नॅनोमीटरच्या प्रमुख प्रकारात या पेशीचा आकार ५ नॅनोमीटरइतकाच राहिला. पिढी बदलली, किंमत वाढली, आणि घराचा अर्धा भाग होता तेवढाच.

मजल्यावर मजला

प्लॉट वाढत नाही तेव्हा मुंबई काय करते? वर चढते. चिपही तेच करू लागली आहे. एक मोठी चिप घडवण्यापेक्षा लहान लहान तुकडे वेगवेगळे बनवून एका पायावर शेजारी किंवा एकावर एक बसवायचे. एएमडीने २०१९ च्या रायझनमध्ये ही रीत घरगुती कॉम्प्युटरपर्यंत आणली. एनव्हीडियाच्या ब्लॅकवेलमध्ये दोन भलेमोठे तुकडे जोडून २०,८०० कोटी ट्रान्झिस्टर भरलेत. तुकडे जोडण्याचं काम एके काळी कारखान्यातलं दुय्यम मानलं जाई. २०२३ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चिपांचा तुटवडा पडला तो मुख्यतः या जोडकामाची क्षमता कमी पडल्यामुळे.

ट्रान्झिस्टरचीही घडण बदलली. प्रवाहाच्या वाटेला आता चारही बाजूंनी गेट वेढतो. वाट म्हणजे एकावर एक रचलेल्या पातळ पट्ट्या. सॅमसंगने हे २०२२ मध्ये आणलं, टीएसएमसीने २ नॅनोमीटरमध्ये. आणि वीज चिपच्या पाठीमागून द्यायची, म्हणजे पुढची बाजू निरोपांच्या तारांना मोकळी. मोलकरणीला आणि पाहुण्यांना वेगवेगळे जिने असलेले जुने वाडे आठवावेत. इंटेलने हे आपल्या ‘१८ए’ तंत्रात केलं आहे.

मोहाली, धोलेरा आणि न झालेलं तळेगाव

महाराष्ट्राच्या राजकारणात चिप हा शब्द सप्टेंबर २०२२ मध्ये शिरला. वेदांत-फॉक्सकॉनचा दीड लाख कोटींचा प्रकल्प तळेगावला येणार असं वाटत असताना तो गुजरातला गेला. मोर्चे निघाले, आरोप झाले. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने अंग काढून घेतलं आणि तो प्रकल्प गुजरातलाही झाला नाही. धोलेऱ्यात सध्या उभा राहतोय तो टाटांचा वेगळा कारखाना, तैवानच्या पॉवरचिपसोबतचा: ९१,००० कोटी रुपये, महिन्याला ५०,००० वेफर, तंत्र २८ नॅनोमीटर आणि त्यामागचं. टीएसएमसीने २८ नॅनोमीटर २०११ मध्ये उत्पादनात आणलं होतं.

हे ऐकून नाक मुरडणारे बरेच आहेत. त्यांनी मोहालीची चिप पाहावी. तिथल्या सरकारी सेमीकंडक्टर प्रयोगशाळेचा कारखाना १९८९ मध्ये आगीत जळाला आणि देशाची या क्षेत्रातली वर्षं वाया गेली. त्याच प्रयोगशाळेत इस्रोसाठी बनलेला ‘विक्रम’ हा ३२ बिटचा प्रोसेसर २ सप्टेंबर २०२५ ला दिल्लीत पंतप्रधानांच्या हाती दिला गेला. तंत्र १८० नॅनोमीटर. अग्निबाणाला हादरे आणि तापमान सोसणारी, खात्रीची चिप लागते. ती किती नवी आहे हे अग्निबाण विचारत नाही. गाडी, मीटर, धुलाई यंत्र, पंप यांचंही तेच.

तारखा छापून झाल्या आहेत

मग पुढे काय? या धंद्यात भविष्य सांगायला पोपट लागत नाही. यंत्रांच्या ऑर्डरी पाहिल्या की पुरतं. टीएसएमसीचं ५ नॅनोमीटर २०२० मध्ये आलं, ३ नॅनोमीटर २०२२ च्या शेवटच्या आठवड्यात, २ नॅनोमीटर २०२५ च्या शेवटच्या तिमाहीत, आणि त्यापुढची पूर्ण पिढी, ‘ए-१४’, २०२८ साठी जाहीर झाली आहे. दोन वर्षांचं अंतर आता अडीच-तीन वर्षांचं झालं. कंपनीच्याच सांगण्यानुसार ए-१४ ला, २ नॅनोमीटरच्या तुलनेत, तेवढ्याच विजेत १० ते १५ टक्के जास्त वेग मिळेल, किंवा तेवढ्याच वेगाला वीज ३० टक्क्यांपर्यंत कमी लागेल. हिशेब करणाऱ्या (लॉजिक) ट्रान्झिस्टरांची दाटी २० टक्क्यांहून अधिक वाढेल. दुप्पट हा शब्द त्यात नाही.

तीस टक्के वीज वाचणं माहिती केंद्रं चालवणाऱ्यांसाठी अब्जावधींचा मामला आहे, म्हणून ते पैसे मोजतील आणि नव्या पिढीच्या चिपा आधी त्यांच्याकडेच जातील. घरच्या कॉम्प्युटरला मात्र पंधरा टक्क्यांचा फरक जाणवेलच असं नाही. तेव्हा लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर हिशेब सोपा आहे. घरचं यंत्र चालत असेल तर त्यात एसएसडी आणि रॅम घालून वापरा. बंद पडलं असेल, तर थांबू नका, घेऊन टाका.